अल्फ्रेड क्रोबर : अरापाहोंच्या वस्तीत सुरू झालेला प्रवास

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९०१ मध्ये मानववंशशास्त्रातील आपली पहिली डॉक्टरेट दिली. तो प्रबंध होता अवघ्या २८ पानांचा. विषयही वरवर पाहता किरकोळ वाटावा असा होता. अमेरिकेच्या मैदानी मुलखातील अरापाहो जमातीच्या स्त्रिया चामडी पादत्राणांवर, पिशव्यांवर आणि तंबूंवर जी नक्षी काढतात, तिचा अर्थ काय, एवढाच प्रश्न त्यात विचारला होता. प्रबंध लिहिणाऱ्या तरुणाचे वय होते पंचवीस आणि नाव अल्फ्रेड लुईस क्रोबर. पुढची जवळपास साठ वर्षे अमेरिकी मानववंशशास्त्रात या नावाचा दबदबा राहिला. या माणसाच्या थोरवीबद्दल आणि त्याच्या चुकांबद्दल आज बरेच लिहिले, बोलले जाते. त्या दोहोंची मुळे या २८ पानांत आणि त्यामागच्या अरापाहो मुलखातील भटकंतीत सापडतात.

क्रोबर यांचा जन्म ११ जून १८७६ रोजी न्यूजर्सीतील होबोकेन येथे झाला. घर जर्मन वंशाचे, सुखवस्तू. वडिलांचा घड्याळांचा व्यापार होता. घरात बोलणे जर्मनमध्ये चाले आणि इंग्रजी ही मुलांच्या दृष्टीने नंतर आलेली भाषा होती. भाषांविषयीचे कुतूहल तेथूनच आले असावे. सोळाव्या वर्षी ते कोलंबियात दाखल झाले, इंग्रजी साहित्यात त्यांनी बी.ए. आणि पुढे एम.ए. केले. वाट साहित्याच्या प्राध्यापकीकडे जात होती. मात्र १८९६ च्या सुमारास फ्रान्झ बोआस हे जर्मनीहून आलेले विद्वान कोलंबियात शिकवू लागले. अमेरिकेतील मूलनिवासींच्या भाषांचा त्यांचा वर्ग त्यांच्या घरीच, जेवणाच्या टेबलाभोवती भरत असे. विद्यार्थी मोजके. ज्या भाषांना लिपी नाही, व्याकरणाचे पुस्तक नाही, त्यांतील एखादी कथा समोर ठेवायची आणि एकेक शब्द सोडवत तिचे व्याकरण शोधून काढायचे, अशी बोआस यांची पद्धत होती. साहित्याच्या या विद्यार्थ्याला तो खेळ असा भावला की त्यांनी विषयच बदलला.

त्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग येथे नोंदवायला हवा, कारण तो पुढे वेगळ्या रूपात त्यांच्यासमोर पुन्हा उभा राहणार होता. १८९७ मध्ये उत्तर ध्रुवाचे संशोधक रॉबर्ट पिअरी यांनी ग्रीनलंडहून सहा इन्युइट माणसांना न्यूयॉर्कला आणले आणि अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयाच्या स्वाधीन केले. बोआस यांच्या सांगण्यावरून क्रोबर यांनी त्यांच्याकडून त्यांच्या समाजाची माहिती टिपून घेतली. शहराच्या दमट हवेत काही महिन्यांतच त्यांतील चौघे आजारी पडून दगावले. मृतांपैकी एकाच्या लहानग्या मुलासमोर दफनाचा देखावा करण्यात आला आणि प्रत्यक्षात सांगाडा संग्रहालयातच ठेवून घेण्यात आला. ते अवशेष ग्रीनलंडला परत जायला १९९३ साल उजाडावे लागले. क्रोबर तेव्हा केवळ विद्यार्थी होते आणि त्या देखाव्याशी त्यांचा संबंध नव्हता. मात्र आजारी माणसाच्या उशाशी बसून टिपणे घेणाऱ्या शास्त्राची ओळख त्यांना इतक्या लवकर झाली होती.

१८९९ च्या उन्हाळ्यात ते ओक्लाहोमाला रवाना झाले. संग्रहालयाचे अध्यक्ष मॉरिस जेसप यांच्या पत्नीने दिलेल्या पैशांतून ही मोहीम निघाली होती. काम दुहेरी होते. संग्रहालयासाठी अरापाहोंच्या वस्तू विकत घ्यायच्या आणि त्यांची भाषा, चालीरीती, समारंभ यांची नोंद करायची.

हे अरापाहो म्हणजे मूळचे कोलोरॅडो आणि वायोमिंगच्या गवताळ प्रदेशात बायसनच्या कळपांमागे फिरणारे लोक. बायसन म्हणजे अमेरिकेतील गवा. त्याच्या मांसावर पोट, कातड्यावर तंबू आणि वस्त्र, अशी सारी व्यवस्था. १८५१ च्या फोर्ट लॅरामीच्या तहाने त्यांचा मोठा मुलूख मान्य केला होता. पुढे कोलोरॅडोत सोने सापडले आणि तहाचा कागद तहापुरताच राहिला. नोव्हेंबर १८६४ मध्ये सँड क्रीकच्या काठी तळ देऊन राहिलेल्या शायन आणि अरापाहो कुटुंबांवर सैनिकांनी हल्ला चढवला. किमान दीडशे माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. जमातीची दोन शकले त्याआधीच झाली होती. दक्षिणेकडच्यांना शायन लोकांबरोबर ओक्लाहोमात हलवण्यात आले. उत्तरेकडच्यांना १८७८ मध्ये वायोमिंगमधील विंड रिव्हर येथे, त्यांचे पिढीजात वैरी असलेल्या शोशोनींच्या राखीव प्रदेशात नेऊन ठेवण्यात आले. १८८० चे दशक संपेपर्यंत बायसनचे कळप जवळपास नाहीसे झाले. १८९२ मध्ये दक्षिणी अरापाहोंची जमीन माणशी तुकडे पाडून वाटण्यात आली आणि उरलेली गोऱ्या वसाहतकऱ्यांसाठी खुली झाली. मुले निवासी शाळांत पाठवली जात होती. तेथे त्यांच्या भाषेला मज्जाव होता.

क्रोबर पोहोचले ते हा सगळा घाला पडून गेल्यावर. तंबू अजून उभे होते. शिकारीचे दिवस पाहिलेली माणसेही हयात होती. त्यांची भाषा क्रोबर यांना येत नव्हती. क्लीव्हर वॉर्डन या अरापाहो गृहस्थांनी दुभाष्याचे काम केले. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलच्या निवासी शाळेत ते शिकले होते. मुलांची भाषा पुसण्यासाठी काढलेल्या शाळेचा विद्यार्थी तीच भाषा नोंदवायला मदत करत होता, हा योगायोग मोठा बोलका आहे. वॉर्डन यांनी पुढे शिकागोच्या फिल्ड म्युझियमचे जॉर्ज डॉर्सी यांच्यासाठीही साहित्य गोळा केले. या विषयावरच्या ग्रंथांत संशोधकांची नावे मुखपृष्ठावर असतात आणि वॉर्डन यांच्यासारखी माणसे आतल्या एखाद्या ओळीत.

आता त्या नक्षीविषयी. अरापाहो स्त्रिया साळिंदराचे रंगवलेले काटे आणि व्यापाऱ्यांकडून मिळणारे काचेचे मणी यांनी भरतकाम करत, कच्च्या कातड्याच्या पेट्यांवर रंगाने आकृत्या काढत. बाळाची नाळ जपून ठेवण्यासाठी मण्यांनी मढवलेली लहानशी थैली शिवत. आकृत्या साऱ्या भौमितिक : त्रिकोण, चौकोन, पट्टे, समभुज चौकोन. त्या काळी विद्वानांत एक वाद रंगला होता. एक पक्ष म्हणे, माणूस आधी खऱ्या वस्तूंची चित्रे काढतो आणि पिढ्यान्पिढ्या गिरवताना ती झिजून भौमितिक होतात. दुसरा पक्ष म्हणे, आकृती आधी, अर्थ मागाहून चिकटवलेला. अरापाहोंची नक्षी या वादाचा निकाल लावेल, अशी अपेक्षा होती.

क्रोबर एकेक वस्तू घेऊन अर्थ विचारत गेले आणि जी उत्तरे मिळाली, त्यांनी दोन्ही पक्षांची पंचाईत केली. समभुज चौकोनाचेच पाहा. तो एकीच्या लेखी डोळा होता, दुसरीच्या लेखी तळे. कोणी त्याला तारा म्हणे, कोणी कासव, कोणी माणूस, कोणी बेंबी, कोणी तंबूचा अंतर्भाग. हिइतेनी नावाचे एक चिन्ह होते, ज्यात आयुष्य, अन्न, भरभराट असे सारे मंगल सामावलेले असे. तेही याच आकृतीत पाहिले जाई. उलटपक्षी एकच वस्तू निरनिराळ्या आकृत्यांनी दाखवली जाई. म्हणजे ठरीव कोश असा नव्हताच. अर्थ होता, तो मनःपूर्वक होता, पण तो करणारीचा होता. एका स्त्रीने काढलेल्या नक्षीचा अर्थ दुसरी खात्रीने सांगू शकत नव्हती. क्रोबर यांनी निष्कर्ष काढला, की सजावटीची ओढ आणि अर्थाची ओढ या दोन्ही प्रेरणा एकत्रच नांदतात आणि त्यांतली आधीची कोणती हा शोध व्यर्थ आहे. साऱ्या मानवी संस्कृतीला एकाच शिडीच्या पायऱ्यांवर बसवू पाहणाऱ्या त्या काळच्या सिद्धांतांना हा छोटासा पण वर्मी बसणारा धक्का होता.

१९०० मध्ये ते वायोमिंगला उत्तरी अरापाहोंकडे गेले आणि १९०१ मध्ये माँटानातील फोर्ट बेलनॅपला, अरापाहोंचे भाऊबंद असलेल्या ग्रो व्हाँट लोकांकडे. या भटकंतीतून १९०२ ते १९०७ या काळात अरापाहोंवरचा त्यांचा विस्तृत ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध झाला. वयानुसार चढत जाणारी पुरुषांची मंडळे, त्यांचे नृत्यसमारंभ, वस्त्रे, खेळ, नातीगोती असा मोठा पसारा त्यात आहे. १९०३ मध्ये डॉर्सी यांच्यासह अरापाहो कथांचा संग्रह निघाला. दोघांनी स्वतंत्रपणे जमवलेल्या जवळपास दीडशे कथा त्यांनी एकत्र केल्या आणि कोणती कोणाची, हे आद्याक्षराने दाखवले. या कथांत निहऑथॉ नावाचा एक लबाड, खादाड, फसवणारा आणि स्वतःही फसणारा नायक वारंवार येतो. अरापाहोत गोऱ्या माणसालाही हाच शब्द आहे. त्या समाजाच्या विनोदबुद्धीविषयी याहून अधिक काही सांगायला नको.

भाषेचे काम मात्र मागे रेंगाळले. अरापाहो ही अल्गॉन्क्वियन कुळातील भाषा. क्री, ओजिब्वे या तिच्या बहिणी. मात्र तिचे ध्वनी काळाच्या ओघात इतके बदलले आहेत, की नाते कानाला पटत नाही. तिच्यात म नाही, प नाही, र आणि लही नाहीत. नामे सजीव आणि निर्जीव अशा दोन वर्गांत विभागलेली. कोणी, कोणाला, कधी, कसे हे सारे एका लांबलचक क्रियापदात गुंफलेले. क्रोबर यांना वृद्धांकडून कळले, की एके काळी अरापाहोंचे पाच गट होते आणि त्यांची बोली वेगवेगळी होती. त्यांपैकी नावाथिनेहेना ही बोली जवळपास विसरली गेली होती. ओक्लाहोमात १८९९ मध्ये ती आठवणाऱ्यांकडून त्यांनी जी शब्दयादी उतरवून घेतली, ती त्या बोलीची आज उपलब्ध असलेली एकमेव नोंद आहे. बेसावुनेना या दुसऱ्या बोलीचे शब्दही त्यांनीच टिपले. ही सामग्री १९१६ मध्ये अरापाहो बोलींवरील पुस्तिकेत छापली गेली. यादी छोटी आणि लेखनपद्धती आजच्या मानाने ओबडधोबड; तरीही त्या शब्दांच्या आधारे पुढच्या भाषाशास्त्रज्ञांना या साऱ्या बोलींचा परस्परसंबंध लावता आला. एक तरुण त्या उन्हाळ्यात तेथे गेला नसता, तर ती बोली होती, एवढेच आपल्याला ठाऊक राहिले असते.

विलंबाचे कारण होते कॅलिफोर्निया. फीबी हर्स्ट या धनाढ्य दानशूर बाईंच्या पाठबळावर बर्कले येथील विद्यापीठात १९०१ मध्ये मानववंशशास्त्राचा विभाग उघडला आणि क्रोबर तेथे रुजू झाले ते १९४६ मध्ये निवृत्त होईपर्यंत. अरापाहो मात्र लेखनातून सुटले नाहीत. १९०९ मध्ये त्यांनी नातेवाचक शब्दांवर एक निबंध लिहिला. त्यातल्या तुलनेत अरापाहो भाषा होतीच. अरापाहोत वडिलांच्या भावाला वडीलच म्हणतात, आईच्या बहिणीला आईच. मामाला मात्र वेगळा शब्द. लुईस मॉर्गन यांच्यापासून विद्वान समजत आले होते, की असे शब्द म्हणजे प्राचीन विवाहपद्धतीचे अवशेष. क्रोबर म्हणाले, हा मुख्यतः भाषेचा आणि मनाच्या वर्गीकरणाचा प्रश्न आहे. पिढी, लिंग, आईकडचे की वडिलांकडचे अशी आठ तत्त्वे असतात आणि प्रत्येक भाषा त्यांतली काही निवडते. मराठी वाचकाला हे चटकन कळेल. काका, मामा, मावशीचे यजमान या सगळ्यांना इंग्रजीत एकच शब्द पुरतो, म्हणून इंग्रजांना मामा नसतो असे थोडेच आहे! या निबंधावरून पुढे मोठा वाद झाला. नातेसंबंधांच्या अभ्यासात तो आजही वाचला जातो.

कॅलिफोर्नियातील कारकिर्दीत १९१० नंतरची वर्षे अत्यंत कठीण गेली. पहिली पत्नी हेन्रिएट क्षयाने १९१३ मध्ये गेली. त्याआधी, ऑगस्ट १९११ मध्ये, ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकाकी माणूस आढळला होता. याही जमातीचा तो शेवटचा. क्रोबर आणि त्यांचे सहकारी थॉमस वॉटरमन यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणले. स्वतःचे नाव सांगणे त्याच्या रीतीत बसत नव्हते, म्हणून क्रोबर यांनी त्याला त्याच्याच भाषेतला माणूस या अर्थाचा शब्द दिला, इशी. तो संग्रहालयातच राहू लागला, तेथे साफसफाईचे काम करू लागला आणि प्रेक्षकांना बाणांची टोके घडवून दाखवू लागला. क्रोबर यांची आणि त्याची मैत्री झाली, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र २५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने वारला, तेव्हा क्रोबर न्यूयॉर्कमध्ये होते. मृतदेहाची चिरफाड करू नये, विज्ञानाच्या नावाखालीही नको, असे त्यांनी कडक शब्दांत कळवले. त्यांचे ऐकले गेले नाही. शवविच्छेदन झाले, मेंदू बाजूला काढला गेला आणि उरलेल्या देहाचे दहन झाले.

इथपर्यंत क्रोबर यांची बाजू स्वच्छ आहे. पुढचे आकलनापलीकडचे आहे. परतल्यानंतर त्याच वर्षी त्यांनी तो मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला देऊ केला आणि १९१७ च्या प्रारंभी तो रवाना झाला. रागाने विरोध करणारा मित्र आणि नमुना पार्सल करणारा संग्रहालयाचा अधिकारी, ही दोन्ही एकाच माणसाची रूपे. मेंदूचा शोध लागला १९९९ मध्ये. २००० साली तो इशीच्या नातलग जमातींच्या हाती सोपवण्यात आला आणि त्याच्या अस्थींसह त्याला निरोप मिळाला.

त्यानंतर क्रोबर काही काळ खचले. एका कानाची श्रवणशक्ती आजारात गेली. १९१८ पासून काही वर्षे ते मनोविश्लेषणाकडे वळले, सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी रुग्णही तपासले. याच सुमारास, १९१७ मध्ये, त्यांनी संस्कृती ही व्यक्तींच्या वरची, स्वतःच्या गतीने चालणारी गोष्ट असल्याचा सिद्धांत मांडला. स्त्रियांच्या पोशाखाची लांबी-रुंदी दशकानुदशके मोजून त्यांनी तो सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक बाईच्या नक्षीला तिचा स्वतःचा अर्थ असतो, हे अरापाहोंच्या तंबूत बसून ज्यांनी ऐकले, त्यांनीच पुढे व्यक्तीला हिशेबातून वगळावे, ही विसंगती प्रस्तुत लेखकाला नेहमी खटकत आली आहे.

या विसंगतीची किंमत मात्र इतरांनी मोजली. १९२५ मध्ये त्यांचा कॅलिफोर्नियाच्या मूलनिवासींवरील जवळपास हजार पानांचा ग्रंथ आला. या प्रांताविषयी त्याच्या तोडीचे पुस्तक नाही. पण जुनी रीत मोडली म्हणजे जमात संपली, अशी त्यांची धारणा होती आणि सॅन फ्रान्सिस्को खाडीकाठच्या ओलोनी लोकांना त्यांनी जवळपास नामशेष ठरवून टाकले. ते लोक तेथेच राहत होते. आपण अस्तित्वात आहोत हे सरकारला पटवून देताना त्यांच्या वंशजांना हे पुस्तक आडवे येत राहिले. न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही सांगायला हवी. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या जमातींनी हिरावलेल्या जमिनींचा दावा लढवला, तेव्हा ऐंशीकडे झुकलेले क्रोबर त्यांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. सरकारच्या बाजूला त्यांचेच जुने विद्यार्थी होते. १९६४ मध्ये तडजोडीने भरपाई ठरली ती एकरी सुमारे ४७ सेंट. ते पाहायला क्रोबर नव्हते. ५ ऑक्टोबर १९६० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले होते. दुसऱ्या पत्नी थिओडोरा यांनी पुढच्याच वर्षी इशीचे चरित्र प्रसिद्ध केले आणि ते प्रचंड गाजले. त्यांची कन्या उर्सुला ले ग्विन विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या लेखिका म्हणून जगभर पोहोचल्या.

बर्कले विद्यापीठातील मानववंशशास्त्राच्या इमारतीला क्रोबर यांचे नाव होते. जानेवारी २०२१ मध्ये विद्यापीठाने ते उतरवले. इशीला मिळालेली वागणूक, थडग्यांतून उकरून जमवलेले मानवी अवशेष आणि ओलोनींविषयीचे ते विधान, ही कारणे पुढे आली. या निर्णयावर विद्वानांत एकमत नव्हते.

ओक्लाहोमा आणि वायोमिंगमध्ये भरलेल्या त्यांच्या वह्या मात्र वॉशिंग्टनच्या अभिलेखागारात सुरक्षित राहिल्या. अरापाहो भाषा आज अस्खलितपणे बोलणारे बहुतेक सारे वयोवृद्ध आहेत. ती मुलांच्या कानावर पडावी म्हणून १९९४ मध्ये डिस्नेचा बॅम्बी हा चित्रपट अरापाहोत आणण्यात आला, विंड रिव्हरला मुलांसाठी त्या भाषेतून शाळा निघाली. २०१४ मध्ये कोलोरॅडोचे भाषाशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉवेल यांनी अलोन्झो मॉस आणि विल्यम सीहेअर या अरापाहो ज्येष्ठांच्या साथीने अरापाहो कथा, गीते आणि प्रार्थनांचा द्वैभाषिक ग्रंथ प्रसिद्ध केला. शंभर वर्षांहून अधिक काळ अभिलेखागारात पडून राहिलेल्या मूळ अरापाहो संहिता त्यासाठी पुन्हा वाचल्या गेल्या. त्यांत क्रोबर यांनी टिपलेल्या संहिताही होत्या. या खेपेस त्या वाचताना दुभाष्याची गरज पडली नाही.